चिरुटाच्या गळ्यातली पट्टी

शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, म्हणजे १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये, होम्ससाहेब जमिनीवर सांडलेली राख गोळा करतात आणि सांगून मोकळे होतात की खुनी त्रिचिनापल्लीचा सिगार ओढत होता. वर हेही ऐकवतात की सिगारच्या राखेवर आपण एक प्रबंधच लिहून ठेवलाय. पुढच्या एका गोष्टीत तर तंबाखूच्या राखेचे १४० प्रकार आपल्याला ओळखता येतात असा दावा आहे. (त्रिचिनापल्ली म्हणजे आपलं तमिळनाडूतलं तिरुचिरापल्ली, बरं का! तिथले सिगार तेव्हा इंग्लंडात माहीत होते. आणि आपला 'चिरूट' हा शब्दही मुळात तमिळच. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी, त्यावरून आलेला.)

आता होम्सची गोष्ट वेगळी. तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात एखादा अनोळखी सिगार पडला तर राखेवरून काही कळायची शक्यता शून्य. आपल्याला वाचता येते ती फक्त त्याच्या गळ्यातली कागदाची पट्टी. जेमतेम बोटभर रुंदीची, सोनेरी-बिनेरी छपाई असलेली.

हा विषय डोक्यात शिरायचं कारण अगदी साधं. टीममधला एक मित्र ऑनसाईटहून परत येताना एक सुटा सिगार घेऊन आला. कोणीतरी भेट दिलेला. खोकं नाही, बिल नाही, काही नाही. तपकिरी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'मोंतेक्रिस्तो' आणि 'हाबाना'. "ओरिजिनल आहे का रे?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी स्वतः सिगारेटसुद्धा ओढत नाही आणि तंबाखूचं कौतुक करायचा माझा काही इरादा नाही. पण 'ओरिजिनल' ह्या एका शब्दाच्या मागे लागलो आणि शनिवार-रविवार कुठे गेला कळलं नाही. कारण शोधायला गेलो एक ब्रँड, आणि हाताला लागली एक क्रांती, देशोधडीला लागलेली दोन-तीन घराणी आणि पाव शतक चाललेला कोर्टातला वाद. सगळं त्या कागदाच्या चिठोऱ्यावर.

पट्टी आली कुठून?

ह्याच्या दंतकथा भरपूर आहेत. रशियाची राणी कॅथरीन बोटांना डाग पडू नयेत म्हणून सिगारभोवती रेशमी फीत गुंडाळायची, ही एक. इंग्लंडातल्या उमरावांचे पांढरे हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून पट्टी आली, ही दुसरी. दोन्ही ऐकायला छान आहेत, पण त्यांना आधार काही नाही. शिवाय सिगार जिथे धरतात तिथे पट्टी नसतेच बहुतेक वेळा, मग डाग कसे थांबणार?

खरं कारण बरंच रुक्ष आहे आणि म्हणूनच पटण्यासारखं आहे. भेसळ! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवानाच्या सिगारचं नाव युरोपात एवढं झालं होतं की जर्मनी, बेल्जियम, हॉलंड, जिथे जमेल तिथे लोक सिगार वळायचे आणि 'हवाना' म्हणून खपवायचे. क्यूबात येऊन स्थायिक झालेला गुस्ताव्ह बॉक नावाचा एक युरोपियन कारखानदार होता. त्याने ह्यावर उपाय काढला की प्रत्येक सिगारला आपल्या नावाची कागदी कडी घालायची. खोकं बदलता येतं, पण एकेका सिगारवरची कडी कोण बदलत बसणार? बघता बघता हवानाच्या जवळपास सगळ्या कारखानदारांनी त्याचं अनुकरण केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फाईलवर वेगळी डिजिटल सिग्नेचर.

पण ही सिग्नेचर होती शिळाछापाची. शिळाछाप ज्याला येतो त्या कोणालाही ती करता येत होती. आणि त्या काळात रंगीत शिळाछापात सगळ्यात पुढे कोण? जर्मन लोक! म्हणजे नक्कल करणाऱ्यांच्या शेजारीच उत्तम छापखाने. त्यामुळे पट्टी आली तशी नकली पट्टीही आली. मग खऱ्या कारखानदारांनी पट्ट्या अधिक गुंतागुंतीच्या केल्या. सोनेरी वर्ख आला, उठावाची छपाई आली, प्रदर्शनात मिळालेली पदकं आली, राजेरजवाड्यांची चिन्हं आली. 'रोमिओ इ हुलिएता' (म्हणजे आपले रोमिओ-ज्युलिएट) ह्या १८७५ च्या ब्रँडला अँटवर्पला १८८५ मध्ये, पॅरिसला १८८९ आणि १९०० मध्ये पदकं मिळाली, ती सगळी मिरवली गेली. नकलाकारांनी तीही छापली. :)

शेवटी पट्टीच्या भरवशावर राहता येत नाही हे सरकारच्याही लक्षात आलं. १८८९ मध्ये, क्यूबा अजून स्पेनच्या ताब्यात असताना, खोक्यावर लावायच्या हमीच्या मोहरेला मान्यता मिळाली. देश स्वतंत्र झाल्यावर १९१२ मध्ये कायदा करून निर्यातीच्या खोक्यांवर सरकारी हमीची हिरवी चिकटपट्टी आली. नोटेसारखी दिसणारी. हिचेच नवे अवतार आजही खोक्यावर असतात, बारकोड आणि होलोग्रामसकट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हमी खोक्यावर आहे, सिगारवर नाही. कोणत्या कारखान्यात भरला, कधी भरला, हे शिक्केही खोक्याच्याच बुडाला. सिगार खोक्यातून बाहेर पडला की त्याच्याजवळ उरते फक्त पट्टी. जन्मदाखला घरी ठेवून नुसतं नाव लिहिलेला बिल्ला लावून फिरण्यासारखं आहे हे.

पट्टी जमवणारे

मध्यंतरी ह्या पट्ट्यांचं भलतंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात, खास करून हॉलंड आणि बेल्जियममध्ये, लोक त्या तिकिटांसारख्या जमवायला लागले. ते बघून तिथल्या सिगार कंपन्यांनी खास जमवणाऱ्यांसाठी मालिकाच काढल्या. राजेराण्या, फुलं, विमानं, फुटबॉलपटू, जे म्हणाल ते. हॉलंडमधल्या व्होलेंडाम गावाच्या संग्रहालयात तर एका माणसाने सुरू केलेली आणि दुसऱ्याने पूर्ण केलेली, भिंतीच्या भिंती सिगारच्या पट्ट्यांनी मढवलेली खोली आहे. एक कोटीहून जास्त पट्ट्या!

ह्याचा आपल्या कामाशी संबंध असा की पट्टीवर स्पॅनिश नाव आहे, राजा आहे, पदक आहे म्हणून सिगार क्यूबाचा असं मुळीच नाही. डच कारखान्यांतले सिगारही झोकात स्पॅनिश नावं लावून मिरवायचे. हॉटेलं आणि क्लब आपापल्या नावाच्या पट्ट्या छापून घ्यायचे. म्हणजे जुन्या अल्बममधली एखादी भारदस्त पट्टी फार तर एवढंच सांगते की हा सिगार कोणाला तरी भारदस्त वाटायला हवा होता.

मोजपट्टी घ्या

आता आपल्या मोंतेक्रिस्तोकडे. हा ब्रँड १९३५ चा. आलोन्सो मेनेंदेझ ह्यांनी हवानात सुरू केलेला. नावाची गोष्ट मला फार आवडली. क्यूबाच्या सिगार कारखान्यांत एक 'लेक्तोर' असायचा, म्हणजे वाचणारा. शेकडो कामगार बाकांवर बसून पानं वळतायत आणि समोर उंच ओट्यावर बसून एक माणूस मोठ्याने पेपर आणि कादंबऱ्या वाचून दाखवतोय. ही प्रथा हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात १८६५ मध्ये सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार मालक नाही, कामगार आपल्या खिशातून द्यायचे. आणि काय वाचायचं हेही त्यांनीच ठरवायचं. कामगार फार शहाणे व्हायला लागले म्हणून १८६६ मध्ये स्पॅनिश सरकारने त्यावर बंदीही घातली होती, पण प्रथा काही मेली नाही. तर ह्या वाचनात ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' अतिशय आवडती होती, त्यावरून ब्रँडचं नाव पडलं असं सांगतात. म्हणजे नाव मालकाचं, पण आवड कामगारांची!

बहुतेक ब्रँड तेव्हा सोन्याने लडबडलेले असताना मोंतेक्रिस्तोने पट्टी साधी ठेवली. आणि इथेच ओळखणाऱ्याची पंचाईत होते. मोंतेक्रिस्तोच्या जुन्या मूळ मालिकेत नंबर १ ते नंबर ५ असे पाच सिगार. पाचांनाही तीच पट्टी. नंबर पट्टीवर कुठेच नाही, तो खोक्यावर!

मग इथे इंजिनिअरिंगची डिग्री कामाला येते. (कधी नव्हे ते.) सिगारची जाडी 'रिंग गेज'मध्ये मोजतात, म्हणजे व्यास एका इंचाच्या चौसष्टाव्या भागात. नंबर १, ३ आणि ४ ह्या तिघांचंही रिंग गेज ४२, म्हणजे व्यास सुमारे १६.७ मिलिमीटर. फरक फक्त लांबीत. नंबर १ ची १६५ मिलिमीटर, ३ ची १४२, ४ ची १२९. नंबर ५ सगळ्यात छोटा, १०२ मिलिमीटर आणि गेज ४०. नंबर २ मात्र लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचं एक टोक निमुळतं असतं. लांबी १५६, गेज ५२.

व्हर्नियर कॅलिपर घरी नसेल तर सोपी युक्ती म्हणजे दोरा गुंडाळायचा, लांबी मोजायची आणि पायने भागायचं. मित्राच्या सिगारला दोरा भरला साधारण बावन्न मिलिमीटर आणि लांबी भरली १२९. म्हणजे मापाने नंबर ४. चला, ब्रँड कळला, नंबर कळला. आता 'ओरिजिनल' का?

इथे आपल्याला १९६० मध्ये जावं लागतं.

एका नावाचे दोन मालक

१ जानेवारी १९५९ ला कास्त्रोची क्रांती यशस्वी झाली. १५ सप्टेंबर १९६० ला क्यूबा सरकारने सिगार उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. कारखाने, गोदामं, पानं आणि अर्थातच ब्रँडची नावं, सगळं सरकारजमा. नुकसानभरपाई नाही. मोंतेक्रिस्तोवाले मेनेंदेझ आणि गार्सिया, पार्तागासवाले सिफुएन्तेस, अशी घराणी देश सोडून निघून गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा गेला, आणि सोबत नेता आलं ते एवढंच की तंबाखू कसा पारखायचा ह्याची अक्कल.

पाठोपाठ फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्यूबाच्या मालावर अमेरिकेत बंदी आणली. ह्याचा प्रसिद्ध किस्सा त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर ह्यांनी नंतर लिहिला. आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना हजारभर 'पेटिट उपमन' सिगार गोळा करायला सांगितलं. सकाळी सॅलिंजर बाराशे मिळाले म्हणून सांगायला गेले, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्षांनी खणातून तो कागद काढला आणि सही केली. सॅलिंजर सांगतात म्हणून घ्यायचं, पण किस्सा आहे भारी.

आता विचार करा. कारखाना हवानात, तो क्यूबा सरकारकडे. पण 'पार्तागास' हे नाव अमेरिकेतही नोंदलेलं होतं. ते कोणाचं? क्यूबा म्हणणार, धंदा आमचा, नाव आमचं. सिफुएन्तेस म्हणणार, तुम्ही तुमच्या देशातली भिंत काढून घेतली असेल, पण अमेरिकेतली नोंद तुमच्या हुकमाने कशी जाईल? प्रकरणं अमेरिकन कोर्टात गेली आणि १९७० च्या दशकात कोर्टांचा कल स्पष्ट झाला. क्यूबाची जप्ती क्यूबापुरती. अमेरिकेतला ट्रेडमार्क जुन्या मालकांचाच. उरलेल्या जगात मात्र बहुतेक ठिकाणी नावं क्यूबाच्या सरकारी कंपनीकडे राहिली.

झालं! एक नाव, दोन मालक, आणि मध्ये देशाची सीमा. प्रोग्रामिंगमध्ये आपण एकच नाव दोन नेमस्पेसमध्ये वापरतो तसं. फरक एवढाच की इथे गिऱ्हाइकाला नेमस्पेस दिसत नाही.

मेनेंदेझ-गार्सियांची तर वेगळीच कहाणी. ते कॅनरी बेटांवर गेले, तिथे पुन्हा कारखाना उभा केला आणि १९६० च्या दशकात एक नवा सिगार काढला. नाव 'मोंतेक्रुझ'. रूप इतकं मोंतेक्रिस्तोच्या जवळ जाणारं की बघणाऱ्याला लगेच आठवण व्हावी. स्वतः जन्माला घातलेल्या नावाची नक्कल स्वतःच करायची वेळ! हा काय नकली सिगार म्हणायचा? ज्याने मूळ बनवला त्याच घरातला माणूस बनवतोय, फक्त माती वेगळी आहे. आणि हवानात जो 'खरा' बनतोय तिथे माती तीच, बाकं तीच, कामगार बहुतेक तेच, पण घर वेगळं. ह्या ठिकाणी मी 'ओरिजिनल' हा शब्द मनातल्या मनात खोडला.

पुढे अमेरिकेपुरते मोंतेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता, एच. उपमन हे सगळे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बनायला लागले. रामोन सिफुएन्तेस ह्यांच्याकडून 'पार्तागास' जनरल सिगार नावाच्या अमेरिकन कंपनीकडे गेला. ह्या पार्तागासची पट्टी हुबेहूब हवानासारखी. लालसर, सोनेरी, ठसठशीत. फक्त जिथे क्यूबाच्या पट्टीवर 'हाबाना' असतं तिथे हिच्यावर '१८४५' असतं, म्हणजे ब्रँडच्या स्थापनेचं वर्ष. किती नेमका फरक आहे बघा! ज्यांच्याकडे जागा राहिली त्यांनी जागेचं नाव लिहिलं, ज्यांची जागा गेली त्यांनी साल लिहिलं. माझ्या मते सगळ्या सिगार-इतिहासातला सगळ्यात बोलका तपशील हाच.

कोहिबाचं काय?

आत्तापर्यंतची भांडणं समजण्यासारखी होती. एकीकडे घराणं, एकीकडे सरकार. कोहिबाच्या बाबतीत घराणंच नाही. हा ब्रँड क्रांतीनंतरचा, १९६६ चा. कास्त्रोच्या एका अंगरक्षकाकडचे सिगार कास्त्रोला आवडले, मग ते वळणाऱ्या कारागिराला खास त्याच कामावर बसवलं, अशी त्याची सुरुवात. 'कोहिबा' हा शब्द तिथल्या मूळ रहिवासी ताइनो लोकांचा, तंबाखूच्या पानांच्या गुंडाळीसाठीचा. आधी हे सिगार फक्त कास्त्रो आणि परदेशी पाहुण्यांसाठी होते. दुकानात यायला १९८२ उजाडलं.

आणि तिकडे अमेरिकेत त्याच जनरल सिगार कंपनीने १९७८ मध्ये 'कोहिबा' नावासाठी अर्ज केला आणि १९८१ मध्ये नोंदणी मिळवली. क्यूबाचा माल अमेरिकेत येऊच शकत नाही, मग हरकत कोण घेणार? पुढे १९९० च्या दशकात सिगारची लाट आली तेव्हा क्यूबाची सरकारी कंपनी जागी झाली आणि १९९७ मध्ये वाद सुरू झाला. २००४ मध्ये कनिष्ठ कोर्टात क्यूबा जिंकला. २००५ मध्ये वरच्या कोर्टात हरला, कारण काय, तर बंदीच्या कायद्यामुळे क्यूबाच्या कंपनीला अमेरिकेत अशी मालमत्ता मिळवताच येत नाही. मग पुन्हा ट्रेडमार्क ऑफिस, पुन्हा अपील. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये ट्रेडमार्क ऑफिसच्या मंडळाने १९२९ च्या एका अमेरिका खंडातल्या कराराच्या आधारे जनरल सिगारची नोंदणी रद्द ठरवली. कारण नाव घेताना क्यूबात ते वापरात आहे हे कंपनीला माहीत होतं. त्यावर कंपनी पुन्हा कोर्टात गेली. म्हणजे अर्ज केला तेव्हा जन्मलेलं मूल निकालाच्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचं!

पट्टीवरून मात्र हे दोघे सहज वेगळे करता येतात. क्यूबाच्या कोहिबावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, पिवळा रंग आणि 'ला हाबाना, कुबा'. अमेरिकेतल्या प्रसिद्ध कोहिबाच्या 'ओ' अक्षरात एक लाल ठिपका.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे पुढची गंमत. २००० मध्ये आल्तादिस नावाच्या युरोपियन कंपनीने क्यूबाच्या 'हाबानोस' ह्या सिगार विकणाऱ्या कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला. ह्याच आल्तादिसच्या अमेरिकन शाखेकडे डोमिनिकन मोंतेक्रिस्तोचा हक्क होता. २००८ मध्ये ब्रिटिश इम्पीरियल टोबॅकोने आल्तादिस विकत घेतली आणि २०२० मध्ये हा धंदा विकून टाकला. म्हणजे जवळपास वीस वर्षं दोन्ही मोंतेक्रिस्तोंच्या नफ्याचा मोठा वाटा एकाच छपराखाली जात होता. भांडण चाळीस वर्षांचं, गल्ला एक!

मग ओळखायचं कसं?

थोडक्यात सांगतो. पट्टी हातात आली की तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, पट्टीवर जागेचं नाव आहे का? 'हाबाना' किंवा 'कुबा' असेल तर दावा क्यूबाचा आहे. नसेल तर नाव ओळखीचं असलं तरी सिगार बहुधा डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास किंवा निकाराग्वाचा. तो वाईट असतो असं नाही, फक्त वेगळा असतो.

दुसरा, माप जुळतंय का? ब्रँडच्या यादीत त्या लांबीचा आणि त्या गेजचा सिगार नसेलच, तर पट्टी कितीही सुंदर असू दे, काहीतरी गडबड आहे.

तिसरा, खोकं कुठे आहे? खोकं नसेल तर 'दावा आहे' ह्याच्या पुढे जाता येत नाही. छपाई कितपत स्वच्छ आहे, उठाव बोटाला लागतो का, सगळ्या सिगारवर पट्टी एकाच उंचीवर आहे का, हे बघता येतं. पण आजच्या प्रिंटरच्या जमान्यात ह्या तिन्ही गोष्टी जमणारे लोक आहेत, आणि हवानातच पर्यटकांना रस्त्यावर नकली कोहिबा विकणारेही आहेत. पान तिथलंच, गावही तेच, आणि तरी नकली!

म्हणून मित्राला मी एवढंच सांगितलं की हा सिगार आपण हवानाचा मोंतेक्रिस्तो नंबर ४ आहे असं *म्हणतोय*, आणि माप त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतंय. तो म्हणाला, "म्हणजे नक्की काही नाही ना?" नाही.

पण माझ्यापुरता 'ओरिजिनल'चा प्रश्न त्याहून मोठा झाला होता. नाव असतं कोणाचं? जिथे पीक येतं त्या मातीचं, ज्यांनी ते नावारूपाला आणलं त्या घराण्याचं, का कागद आधी दाखल करणाऱ्याचं? क्यूबाने पहिलं उत्तर दिलं, मेनेंदेझ-सिफुएन्तेसनी दुसरं, जनरल सिगारने कोहिबाच्या वेळी तिसरं. आणि प्रत्येक उत्तराला कुठलं ना कुठलं कोर्ट सापडलं.

हा प्रश्न आपल्याला काही लांबचा नाही. दर एप्रिल-मेमध्ये पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं आणि आत कर्नाटकचा आंबा निघतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर ह्या पाच जिल्ह्यांपुरतं. म्हणजे आपण मातीच्या बाजूने कौल दिला. आणि मलाही तोच बरोबर वाटतो. पण उद्या कोणी कोकणातल्या बागाईतदाराला एका रात्रीत बागेतून हाकलून दिलं, आणि त्याने कलमं दुसरीकडे नेऊन पुन्हा बाग उभी केली, तर त्याच्या आंब्याला मी तोंडावर 'नकली' म्हणेन का? मला नाही वाटत मला ते जमेल. क्यूबाच्या गोष्टीत दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं आहे, आणि बोटभर पट्टीवर 'थोडंथोडं' छापायला जागा नसते. तिथे एकच शब्द मावतो. एकाने 'हाबाना' लिहिलं, दुसऱ्याने '१८४५'.

आणि ज्या बाईने किंवा बुवाने तो सिगार प्रत्यक्ष वळला, समोर चाललेली कादंबरी ऐकत ऐकत, त्यांचं नाव ह्यातल्या कुठल्याच पट्टीवर नाही. त्यांच्यासाठी अजून कोणी कोर्टात गेलेलं नाही.

असो. पुढच्या वेळी कोणी सिगार दाखवून 'ओरिजिनल आहे' म्हणालं, तर आधी पट्टीवरचा छोटा शब्द वाचा. मोठा शब्द सगळेच वाचतात.